एकोणीस वर्षं बाकी

स्टेशनवरून शहरात येणाऱ्या ऑटोत माणसं किती मावतात, याचा शोध बुऱ्हाणपुरात अजून कोणी लावलेला नाही. ऑटोवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "अजून एक." त्या दिवशी हा अजून एक म्हणजे एक भलामोठा खोका होता... आणि खोक्याच्या मागे, खोक्याबरोबर फुकट मिळाल्यासारखा, एक तरुण.

ज्योत्स्ना कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. खोका आडवा झाला. त्याचं एक टोक त्या तरुणाच्या मांडीवर, दुसरं विचारता न विचारता तिच्या.

"भैया, हे सामान आहे का सवारी?" ऑटोवाल्याने आरशातून विचारलं.

"सवारी," तो म्हणाला. "फक्त बोलत नाही."

श्रावणातली रिपरिप चालू होती. वारा आला की पावसाची एक बारीक चादर आत शिरायची आणि ज्योत्स्नाची ओढणी, तिचा खांदा, तिच्या कानामागची बट असं क्रमाक्रमाने ओलं करत जायची. तरुणाचं तिकडे लक्ष गेलं. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दाटून आली.

"मॅडम... छत्री आहे का तुमच्याकडे?"

माणूस बरा दिसतो, असं मनाशी म्हणत तिने पिशवीतून छत्री काढून दिली. त्याने ती उघडली आणि खोक्यावर धरली.

ज्योत्स्ना बघतच राहिली.

"मला वाटलं..."

"काय?"

"काही नाही."

"तसं नाही मॅडम, तुम्ही भिजलात तर वाळाल. हे नाही वाळणार."

"आहे काय असं यात?"

"काहीच नाही. रिकामं आहे."

"रिकाम्या खोक्याला छत्री?"

"खोका रिकामा नाही. खोक्यात मशीन आहे, ते रिकामं आहे." मग त्याला एकदम काही आठवलं. "शनवारा चौकात उतरायचंय मला. तापीकाठ केळी उत्पादक संस्था माहीत आहे? तिथे कोणी जे. महाजन म्हणून सर आहेत. फार कडक म्हणे. त्यांचा ईमेल आला ना, की आमच्या इंदूरच्या ऑफिसात लोक उभं राहून वाचतात."

"असं?" ज्योत्स्ना बाहेर बघत म्हणाली. "कडक म्हणजे?"

"शेवटी 'आपला विश्वासू' लिहायच्या ऐवजी नुसतं 'उत्तर द्या' लिहितात."

"उत्तर मिळत नाही म्हणून लिहिते."

तो बाकीचा रस्ता खोक्यावरचा पत्ता वाचत बसला. छत्री मात्र इंच-इंच सरकत शनवाऱ्यापर्यंत पूर्णपणे जे. महाजनांच्या डोक्यावर आलेली होती.

त्याचं नाव चंदन सोनार. गाव धरणगाव, नोकरी इंदूरच्या कंपनीत. काम : एका मशीनमधलं सगळं दुसऱ्या मशीनमध्ये नेऊन ठेवणं.

संस्थेला हे दुसरं मशीन सुचायला एक कारण घडलं होतं. गेल्या वर्षी ऑफिसचं छप्पर गळलं, ते नेमकं ज्या खोलीत सभासदांची सगळी माहिती सांभाळणारं मशीन होतं त्याच खोलीत, मशीनपासून वीतभर अंतरावर. संस्थेचे अध्यक्ष प्रभाकरभाऊ त्या वीतभर जागेला अजूनही येता-जाता नमस्कार करतात. मग वार्षिक सभेत त्यांनी माइक हातात घेऊन सांगून टाकलं, "पोळ्याच्या आत आपल्या मशीनचं अख्खं जुळं तयार होईन, अन् ते जुळं बहादरपूरच्या गोदामात बसीन! इकडे आभाळ कोसळलं तरी तिकडे सगळं शाबूत!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर प्रभाकरभाऊंना कुठलीच तारीख मागे घेता येत नाही.

आता बहादरपूर आहे हाकेच्या अंतरावर. पण तिकडे जाणारी इंटरनेटची लाइन ही लाइन कमी आणि आशा जास्त. म्हणून चंदनने रीत सांगितली : आधी दोन्ही मशीनं याच खोलीत एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवायची, मध्ये वायर जोडायची. पहिली पूर्ण नक्कल इथेच उतरवून घ्यायची. मग दुसरं मशीन उचलून बहादरपूरला न्यायचं. त्यानंतर रोज जे नवीन होईल तेवढंच त्या बारक्या लाइनीवरून तिकडे जाईल.

"अन् तवर तुम्ही?" प्रभाकरभाऊंनी विचारलं.

"तवर मी इथेच. मशीन तिकडे लागलं की मला रायपूर. दोन वर्षांची पोस्टिंग आहे."

"बरं बरं," प्रभाकरभाऊ म्हणाले. ज्योत्स्नाही तेव्हा बरं म्हणाली. तेव्हा तिला काय माहीत.

"यातून त्यात जाणार काय काय?" वायर जोडताना तिने विचारलं.

"सगळं. निवडायची सोय नाही. फायली, नावं, कोणी काय उघडायचं त्याच्या परवानग्या, पासवर्ड, जुन्या चुका... जसंच्या तसं."

"आणि दुसऱ्याचं स्वतःचं?"

"त्याचं काही नसतं. आधी पूर्ण रिकामं व्हायचं. नंतर जे येईल ते मुकाट घ्यायचं. आपल्या मनाचं एक अक्षर लिहायचं नाही."

"म्हणजे सून."

"घरजावई," चंदन गंभीरपणे म्हणाला. "सून निदान भांडते."

ती हसली. ज्योत्स्ना महाजन ऑफिसात हसते हे मालूबाईंना नवीन होतं. चहाचा ट्रे घेऊन त्या दारातच थांबल्या आणि दोघांकडे, मग दोन मशीनांकडे, मग पुन्हा दोघांकडे पाहून परत गेल्या. चहा घेऊनच परत गेल्या. तो नंतर आला, गार.

मालूबाई म्हणजे संस्थेचा चहा, झाडू आणि धर्मखातं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही मशीनांना हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि उदबत्ती ओवाळली. अक्षता मशीनच्या पंख्याच्या जाळीत गेल्या. पंखा कुरकुरायला लागला.

"मावशी, याला तांदूळ चालत नाही," चंदन म्हणाला.

"उपास आहे का त्याचा? श्रावण सोमवार धरते?"

मग चंदन आणि ज्योत्स्ना जाळीतून एकेक तांदूळ वेचत बसले. तो चिमट्याने, ती केसांच्या पिनने. डोकी इतकी जवळ आली की तिला त्याच्या शर्टाचा, ओल्या सुताचा वास यायला लागला. एका तांदळावर दोघांची बोटं एकदम गेली. तो तांदूळ कोणाचा, हे ठरायला बराच वेळ लागला.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला.

"नाही, तुम्हीच."

प्रभाकरभाऊ दारातून म्हणाले, "अरे, किलोभर आणून देऊ का?"

पहिल्या दिवशी नक्कल पाव झाली. दुसऱ्या दिवशी निम्म्याच्या पुढे गेली. पडद्यावरचा निळा पट्टा उतावळ्या पाहुण्यासारखा पुढे सरकत होता. दुपारी चंदनने मावा जिलेबी आणली, कागदाची पुडी उघडून तिच्यासमोर धरली आणि म्हणाला, "असंच चाललं तर परवा संपेल."

"जिलेबी?"

"नक्कल."

"अच्छा..." ती म्हणाली. तोंडात जिलेबी असताना इतका कोरडा आवाज काढणं सोपं नाही.

एखादं काम वेळेच्या आधी होतंय म्हणून ज्योत्स्ना आयुष्यात पहिल्यांदाच घाबरली. या ऑफिसात तिने सहा महिने रखडलेलं पंख्याचं रेग्युलेटर पाहिलं होतं, तीन अध्यक्षांना न जुमानलेला नळ पाहिला होता. आणि जी एक गोष्ट रखडायला हवी होती, ती धावत सुटली होती! तिला एकदम जाणवलं, की सकाळी ऑफिसच्या पायऱ्या ती हल्ली दोन-दोन करून चढते. की कालपासून घरी बाबांना ती तीच गोष्ट सांगतेय, छत्रीची, आणि दर वेळी ती जास्त लांबते.

तो हात धुवायला गेला. ज्योत्स्नाने इकडे-तिकडे पाहिलं.

त्या मशीनमध्ये वेगाला लगाम घालायची सोय असते. कामाच्या वेळी लाइन अडू नये म्हणून नक्कल जरा दमाने चालवायची, एवढाच त्याचा उद्देश. ज्योत्स्नाने लगाम घातला. थोडासाच. धावणारा निळा पट्टा चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी थोडा आवळला. गंमत म्हणजे काम तिच्या लगामापेक्षाही हळू चाललं होतं. तिला वाटलं, मशीन समजूतदार आहे.

मग चांगले दिवस आले. चंदन टेबलाच्या त्या बाजूला, ती या बाजूला, मध्ये दोन मशीनांची मंद घरघर आणि खिडकीबाहेर थेंबांची टपटप. कामच नव्हतं, म्हणून दोघं कामावर लक्ष ठेवून बसायचे.

"धरणगावला कोण कोण असतं?"

"आई, दादा, वहिनी. आणि एक बोकड आहे, पण त्याचं-माझं पटत नाही."

"का?"

"तो मला हुशार समजत नाही."

"ओळखतो म्हणजे तुम्हाला."

"यार, मॅडम... एका ओळीच्या ईमेलसारखं बोलता तुम्ही. माणसाला उभंच राहावं लागतं."

"मग बसू नका."

"बसतो. आता बसायची सवय लागली." हे त्याने हळूच म्हटलं आणि लगेच वायरीकडे बघायला लागला. वायर तिथेच होती.

रायपूरचं नाव कोणीच काढलं नाही. पण ते खोलीत होतं... छपरातल्या त्या ओल्या डागासारखं. बघायचं नाही म्हटलं तरी मान वर जायचीच.

पट्टा नव्वदीच्या पुढे गेला त्या दिवशी ज्योत्स्नाचा धीर सुटला. चंदन फोनवर बोलायला गॅलरीत गेला होता. "हो सर... रायपूर... हो सर..." एवढंच तिला ऐकू आलं. तिने लगाम इतका आवळला, इतका आवळला, की माणूस असता तर निळा पडला असता. मग हात मांडीवर घेऊन ती साळसूद बसली. चंदन आत आला. तोही जरा जास्तच साळसूद दिसत होता. आणि त्याच मुहूर्तावर प्रभाकरभाऊ चष्मा पुसत खोलीत आले.

"काय वं ज्योत्स्ना, पोळा आला तोंडावर. किती राहिलं?"

त्यांनी चष्मा लावला. पडद्याजवळ गेले. चष्मा काढला, पुन्हा पुसला, पुन्हा लावला.

"हे काय लिहेल आहे?"

पडद्यावर स्वच्छ अक्षरांत होतं : शिल्लक वेळ, अंदाजे एकोणीस वर्षं.

मशीनं हळू घरघरल्यासारखी वाटली.

"एकोणीस वर्षं?" प्रभाकरभाऊ खुर्चीत बसले. "अरे, सभेत माइकवर बोलेल माणूस मी! एकोणीस वर्षांनी मी या भिंतीवर हार घालून लटकेल असीन. तवा कोण सांगीन लोकायले, का झालं बुवा एकदाचं?"

"भाऊ, कंपनीला विचारतो," चंदन म्हणाला. "मशीन बिघडलं असेल. बदलून मागवू..."

"बिघडेल मशीन दिलं? मंग तर मी आत्ताच तुमच्या साहेबाले फोन लावतो. कोण पाठवला हा पोरगा म्हणतो!" प्रभाकरभाऊंनी खिशातून फोन काढला.

चंदनचा चेहरा उतरला. आणि ज्योत्स्नाला कळलं, की आता बोललं नाही तर याच्या नोकरीवर येईल.

"भाऊ, मशीन ठीक आहे. लगाम मी घातलाय."

"वायर जोडलीय त्या स्विचवर वेग मी कमी केलाय," चंदन म्हणाला.

दोन्ही वाक्यं एकदमच झाली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही?"

"तुम्ही?"

"कधीपासून?"

"जिलेबीच्या दिवसापासून. तुम्ही?"

"...जिलेबीच्याच."

"थांबा," प्रभाकरभाऊ हात वर करून म्हणाले. "हिने इकडून आवळलं, तू तिकडून आवळलं. ज्या कामासाठी तुमी दोघं ठेवेल आहे, तेच काम तुमी दोघं अडवून राहिले. कामून?"

हा खरा प्रश्न होता. याचं खरं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं आणि ते दोन शब्दांचं होतं.

"लाइनीवर ताण येऊ नये म्हणून," ज्योत्स्ना म्हणाली.

चंदनने तिच्याकडे पाहिलं, मग वायरीकडे. "हो... माझंही तेच. ताण."

मालूबाई दारात होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "ताण म्हणे!" त्या प्रभाकरभाऊंना म्हणाल्या, "भाऊ, तुमाले केळं पिकलं का कच्चं ते दुरून समजते, अन् हे नाही समजत?" पण प्रभाकरभाऊंना पोळा दिसत होता, दुसरं काही नाही. त्यांनी खुर्ची ओढली, मध्ये बसले आणि स्वतःच्या डोळ्यांदेखत दोन्ही लगाम काढायला लावले.

एकोणीस वर्षं जेवणाच्या सुट्टीच्या आत संपली.

बहादरपूरला जाणारी केळीची रिकामी गाडी दुपारी आली. मुकादम सुकलाल आणि त्यांची माणसं. सुकलालभाऊंनी मशीनकडे पाहिलं, मशीनने सुकलालभाऊंकडे. मग त्यांनी ज्या मायेने ते केळीचे घड बांधतात, त्याच मायेने मशीनला केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळलं. चंदनने आणलेला फोम त्यांनी परत केला. "ताई, आजवर आपल्या गाडीत एक केळं दबलं नाही. हे तर लोखंड आहे."

चंदन मागे मशीनला धरून बसला. गाडी सुटताना त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तोंड मिटलं.

ज्योत्स्ना वर आली. टेबलावर एक मशीन होतं आणि दुसऱ्याच्या जागी धूळ नसलेला स्वच्छ चौकोन. तिने त्या चौकोनाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि त्याच्यासमोरच खुर्ची टाकून बसली. एका ऑटोत मांडीला मांडी लावून बसलेला खोका गेला तर एवढं काय? खोका गेला म्हणून नव्हतं, हे मान्य करायला तिला जोडलेली एक वायर दोनदा काढून घालावी लागली.

शेवटची पायरी उरली होती. मशीन बहादरपूरला लागलं, की दोन्हीकडे एकेक माणूस बसून फोनवर बोलत तपासतो : मी इथून पाठवलं, तिथे पोचलं का? त्याच संध्याकाळी ज्योत्स्ना इकडे आणि चंदन तिकडे. चंदनचे दोन्ही हात वायरीत, म्हणून त्याचा फोन स्पीकरवर. प्रभाकरभाऊंना 'हिरवा' हा शब्द स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता, म्हणून तिचाही स्पीकरवर.

"तुमच्याकडे दिवा कुठला दिसतोय?"

"नारिंगी," चंदनचा आवाज आला. मागे माणसांची गडबड, पत्र्यावर पाऊस. "थांबा... आता पाठवा."

"पाठवलं."

"येतंय... येतंय... हिरवा."

"माझ्याकडेपण हिरवा."

प्रभाकरभाऊंनी डोळे मिटून हात जोडले. काम झालं. आता फोन ठेवायचा, एवढंच.

"अजून काही?" चंदन म्हणाला.

"नाही."

"मग... ठेवतो."

"ठेवा."

कोणी ठेवला नाही. तिकडे पाऊस वाजत होता. इकडेही तोच वाजत होता, जरा उशिराने.

"ज्योत्स्ना मॅडम?"

"हं?"

"काही नाही. लाइन चालू आहे का बघत होतो."

आणि ज्योत्स्नाला एकदम त्या लाइनीचा, त्या ताणाचा, स्वतःच्या त्या साळसूद वाक्याचा असा राग आला, की तिने आयुष्यातला सगळ्यात छोटा मजकूर उच्चारला.

"रायपूरला जाऊ नका."

तिकडची गडबड थांबली. पाऊससुद्धा थांबला असता, पण त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"लाइनीवर कसलाही ताण नव्हता," ती म्हणाली. थांबता येत नव्हतं. "लाइन ठीक होती. मलाच तुम्ही जायला नको होतात. अजूनही नकोय. उत्तर द्या."

मग फोनमधून आवाज आला, पण चंदनचा नाही.

"नाही जात ताई!" सुकलाल मुकादम ओरडले. "आमी धरून ठेवलं याले!"

ज्योत्स्नाने स्पीकरच्या खुणेकडे पाहिलं. मग हळूहळू मान फिरवून प्रभाकरभाऊंकडे पाहिलं. प्रभाकरभाऊ छपराकडे बघत होते. मालूबाई पदर तोंडात धरून भिंतीला टेकल्या होत्या.

"फोनवर नाही सांगत," शेवटी चंदनचा आवाज आला, धापा टाकत. "मी... मी येतो." आणि फोन कटला.

ती पायऱ्या उतरून खाली आली. फाटकाशी उभी राहिली. छत्री आणायचं सुचलं नाही. माणूस भिजलं तर वाळतं, हे तिला आता पटलेलं होतं. रस्त्यावरून दोन सायकली गेल्या, एक म्हैस गेली, एक वरातीची रिकामी घोडागाडी गेली. आणि मग केळीची ती गाडी वळणावरून आली, हॉर्न वाजवत, आणि मागे उभा चंदन : चिंब, केसांत वाळक्या पानांचे तुकडे. त्याच्या आजूबाजूला सगळे हमाल, मिरवणुकीत असतात तसे.

तो गाडी थांबायच्या आधी उतरला. जवळजवळ पडलाच.

"रायपूरला मी सकाळीच नाही म्हणून सांगितलं. गॅलरीतून. तोच फोन होता."

"सकाळी? मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो. तर तुम्ही म्हणालात ताण. मला वाटलं, खरंच लाइनीचा असेल. तुम्ही कधी खोटं लिहीत नाही ना..." त्याने श्वास घेतला. डोळ्यांवरचं पाणी पुसलं. ते पुन्हा आलं. "मला तुम्ही फार आवडता. किती ते विचारू नका, मोजायला घेतलं की आकडा भलताच येतो."

"साहेब काय म्हणाले?"

"खूप बोलले. मग म्हणाले, खंडवा-बुऱ्हाणपूर भाग घे, तिकडे उन्हाळ्याला घाबरून कोणी जात नाही."

"आणि नसते म्हणाले तर?"

"तर सुकलालभाऊंकडे कालच काम मागून ठेवलं होतं. केळी भरायचं."

"याच्याच्याने घड उचलत नाही ताई," सुकलालभाऊ गाडीवरून म्हणाले. "आमच्या कामाचा नाही हा. तुमीच ठेवा."

ज्योत्स्नाने हात वर केला आणि त्याच्या केसातला पानाचा एक तुकडा काढला. मग दुसरा. तिसरा नव्हता, तरी काढला.

"ठेवते," ती म्हणाली.

गाडीत शिट्ट्या वाजल्या. मालूबाई खिडकीतून हळदीचा करंडा घेऊन ओरडायला लागल्या, की कोणी हलायचं नाही, मी आले. त्या गोंधळात प्रभाकरभाऊ पायऱ्यांवर आले, त्यांनी गाडीतली माणसं एकेक करून पाहिली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सगळेच इकडे आले," ते म्हणाले. "अरे, तिकडे मशीनजवळ कोण हाय?"

सगळे त्या दोघांकडे बघत होते.